गुडघ्यांची चौकशी होते, प्रार्थनेची नाही

आमच्या मंडळीत साठी ओलांडलेल्यांना वर्षातून एका रविवारी शाल मिळते. उपासना संपली की नावं पुकारतात, तरुण संघाची मुलं हाताला धरून पुढे नेतात, पाळकसाहेब खांद्यावर शाल घालतात, फोटो निघतो. मागच्या हॉलमध्ये रक्तदाब आणि साखर तपासायचं टेबल मांडलेलं असतं. मी निवृत्त परिचारिका, त्यामुळे शाल घडी करून पिशवीत टाकायची आणि त्या टेबलामागे जाऊन बसायचं, हे माझ्याकडेच येतं. समवयस्कांच्या दंडाला पट्टा बांधत मी सगळ्यांचं ऐकते. कोणाची झोप उडाली आहे, कोणाचा मुलगा कॅनडाला गेला आहे, कोणाला जिना झेपत नाही. शालीबद्दल माझी तक्रार नाही, पुण्यातल्या थंडीत ती उपयोगी पडते. तक्रार एवढीच, की त्या दिवशी आमचं सगळं विचारून होतं आणि प्रार्थना कशी चालली आहे, हे कोणी विचारत नाही.

घरभेटीलाही तेच. पाळकसाहेब येतात, "मावशी, गुडघे काय म्हणतात?" इथून सुरुवात होते. मग मोतीबिंदू, मुलगा, सून, नातवाची शाळा, चहा, बिस्किटं. शेवटी उभं राहून दोन मिनिटांची प्रार्थना, तीत माझ्या आरोग्यासाठी विनंती, आणि "जय ख्रिस्त". माणूस भला आहे, त्याच्यावर एकाहून जास्त मंडळ्यांचा भार आहे, हे मी जाणते. पण वॉर्डात आम्ही "काल पोट साफ झालं का?" हे चारचौघांत विचारायचो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. देवाच्या सेवकाला मात्र "देवाशी बोलणं होतं का, की कुठे अडलंय?" हे विचारायचा संकोच वाटतो. विचारलंच, तर आम्हीही "प्रभूची कृपा आहे" म्हणून मोकळे होणार. दोन्हीकडून झाकली मूठ.

यामागे एक गृहीत धरलेलं आहे. शब्बाथशाळा लहानांसाठी, दृढीकरणाचा वर्ग किशोरांसाठी, मग तरुण संघ, लग्नाआधीचं मार्गदर्शन, बायकांची सभा. त्यानंतर मंडळीच्या वहीत आमचं नाव येतं ते थेट दफनविधीच्या वेळी. मधली वीस-पंचवीस वर्षं आमचा विश्वास पूर्ण झालेला आहे, त्याला आता फक्त सांभाळायचं आहे, असं सगळे धरून चालतात. आम्हीही.

"म्हातारपणी माणूस आपोआप देवाकडे वळतो" हे वाक्य मी सगळ्या धर्मांच्या लोकांकडून ऐकलं आहे आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. आपोआप येतात त्या दोन गोष्टी, भीती आणि सवय. भीती वाटते म्हणून माणूस देवाचं नाव घेतो, सवय आहे म्हणून रविवारी चर्चला जातो. या दोन्हींवर वर्षानुवर्षं निभावतं. पण देवाशी रोजचं नातं म्हणतात ते यातून होत नाही. ते साठीनंतर नव्याने शिकावं लागतं, आणि ते शिकायला विशीपेक्षा जास्त कष्ट पडतात, कारण आता डोळे, गुडघे आणि लक्ष तिन्ही दगा देतात.

नोकरीत असताना माझी प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी होती. बसस्टॉपवर उभी असताना, नाइट ड्यूटीला निघताना, डब्याला पोळ्या लाटताना मी ती देवापुढे मांडायची. बदली होऊ नये. मुलाला बारावीला मार्क मिळावेत. सासूबाईंचं दुखणं आटोक्यात यावं. फ्लॅटचा हप्ता चुकू नये. काही मिळालं, काही नाही. अशा प्रार्थनेला मी कमी लेखत नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितलेलीच आहे. पण निवृत्तीनंतर ही यादी हळूहळू आटत गेली. कर्ज फिटलं. मुलगा खराडीच्या एका आयटी कंपनीत चिकटला. नवरा ज्या आजारातून बरा व्हावा म्हणून मागत होते, त्यातच गेला. त्यानंतर सकाळी बायबल उघडून बसले की काय बोलावं, तेच सुचेना. मागायचं काही उरलं नाही आणि मागण्याखेरीज बोलायची सवय नव्हती. माझ्या वयाच्या बऱ्याच जणींशी मी याबद्दल बोलले आहे. बहुतेकींचं हेच झालेलं आहे, फक्त त्या ते कोणाला सांगत नाहीत, कारण इतकी वर्षं मंडळीत काढल्यावर प्रार्थना येत नाही म्हणणं बरं दिसत नाही.

मग एकच मागणी उरते. हातीपायी धड असताना ने. अंथरुणाला खिळवू नको, कोणाच्या हाताखाली ठेवू नको. ही आपल्याकडची खरी सर्वधर्मीय प्रार्थना आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू ती विठ्ठलापाशी करतात, खालच्या मजल्यावरच्या चाची अल्लापाशी, मी येशूपाशी. मला ती समजते. आयुष्यभर मी अंथरुणाला खिळलेल्यांच्याच चादरी बदलल्या आहेत, कुशी वळवल्या आहेत, पाठीला पावडर लावली आहे. तरीही देवाशी बोलण्याचा शेवटचा एकमेव विषय हाच राहिला, तर ते नातं भीतीपुरतंच राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, तिबेर्या सरोवराच्या काठावर न्याहारी झाल्यावर, येशू पेत्राला त्याच्या म्हातारपणाबद्दल सांगतो. तेव्हा दुसराच कोणी त्याची कंबर बांधेल आणि त्याला नको असेल तिकडे नेईल, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. शुभवर्तमानकार लगेच खुलासा करतो की हे पेत्राच्या मरणाविषयी आहे. तो खुलासा मला मान्य आहे, पण दुसऱ्यांना कपडे घालण्यातच जिचं आयुष्य गेलं तिला त्या ओळी आणखीही काही सांगतात. येशू तिथे पेत्राला हातीपायी धड असताना नेण्याचं वचन देत नाही. उलट परस्वाधीनतेचं भाकीत करतो आणि त्याच दमात आपल्यामागे यायला सांगतो. म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली पडलेला माणूसही मागे चालू शकतो, असं तिथे धरलेलं आहे.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मेडिसिन वॉर्डात एक कॅथलिक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. जपमाळ उशाशी होती, पण उजव्या हाताने धरता येत नव्हती आणि डाव्याने सरकायची. रात्री तीनच्या राउंडला मी टॉर्च घेऊन गेले की त्यांचा डावा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. दहा झाले की थांबायचा, पुन्हा पहिल्या पेरावर यायचा. एकदा मी चादर नीट करायला हात उचलू लागले, तर त्यांनी बोटं घट्ट मिटली आणि माझ्याकडे बघितलं. वाचा असती तर "थांब ना जरा" म्हणाल्या असत्या. मी थांबले. त्यांचे दहा पुरे झाले, मग त्यांनी हात ढिला सोडला. धार्मिक म्हणवणारी पुष्कळ माणसं त्या वॉर्डात मला भेटली. प्रार्थना हे ज्याचं काम होतं, असं माणूस तेवढं एकच आठवतं.

वय झाल्यावर देवाशी नातं वाढवणं म्हणजे काय, याचा पुणेकरांना सांगता येईल असा दाखला रेल्वेने दौंडच्या वाटेवर, केडगावला आहे. पंडिता रमाबाईंना आपण विधवांच्या कैवारी म्हणून ओळखतो, १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आणलेलं शारदासदन ओळखतो, त्यावरून उठलेलं वादळ ओळखतो. त्यांच्या आत काय चाललं होतं, याकडे फारसं कोणी बघत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही. हे लक्षात आलं तेव्हा त्या पुण्यात, ऐन धामधुमीत होत्या. एवढी विदुषी, एवढा गाजलेला बाप्तिस्मा, आणि आठ वर्षांनी हा जमाखर्च. आमच्यातल्या किती जणांनी चाळीस-पन्नास वर्षांनंतरही तो मांडला आहे?

त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं उतारवय. कानांनी आधीच दगा दिला होता. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांचा संसार केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात होता. अशा वेळी पंचेचाळिशीच्या पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं, तेही खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा भाषेत. आयुष्याची शेवटची पंधरा-अठरा वर्षं त्यात गेली. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि ते बायबल १९२४ साली बाहेर पडलं. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवणाऱ्या मुली मुक्तीच्याच.

माझी आजी त्या मुलींपैकी एक. दुष्काळात पोरकी झालेली, मुक्तीत वाढलेली. मी तिला पाहिलं तेव्हा ती सत्तरीची होती आणि आम्हा नातवंडांना तिची एक गंमत फार आवडायची. पुस्तक कोणाच्याही हातात असो, समोर बसून ती ते उलट्या बाजूने घडाघडा वाचायची. खिळे उलटे वाचायची सवय तिला जन्माची लागली होती. रमाबाईंच्या भाषांतराबद्दल मोठमोठ्यांनी काय काय लिहिलं आहे, मला त्यात गती नाही. आजी सांगायची ते एवढंच, की बाईंकडून तपासून आलेल्या कागदावर खाडाखोड इतकी असायची की एकेक पान पुन्हा पुन्हा जुळवावं लागायचं. सकाळी देवाशी बोलायचं आणि दिवसभर त्याच्या वचनावर खाडाखोड करत बसायचं, असं ज्या बाईने उतारवयात रोज केलं, तिचं देवाशी नातं शालीच्या घडीसारखं कपाटात पडून राहिलं नसणार.

रमाबाईंना ज्यांच्या लेखनाने वळण लागलं, ते नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे हेही पुण्याच्या पंचहौद मिशनशी बांधलेलं नाव. पुणेकरांना पंचहौद आठवतो तो १८९० सालच्या चहामुळे. लोकमान्य टिळक, रानडे, गोखले मिशनमध्ये गेले, समोर चहा-बिस्किटं आली, आणि शहरात प्रायश्चित्ताचा गदारोळ उठला. गुरुवार पेठेतल्या त्या पवित्र नाम देवालयाच्या आसपास एक थकलेला शास्त्री वावरून गेला, हे फार थोड्यांना ठाऊक. गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि १८९५ साली गेले. मधली सगळी वर्षं त्यांना शंकांनी छळलं. श्रद्धा सोडली नाही, पण शंकाही सुटल्या नाहीत. आमच्या प्रार्थनासभांमध्ये साक्षी होतात, त्यात प्रत्येकाची शंका फिटलेलीच असते. एखाद्या सत्तरीच्या माणसाने उठून "मला अजून खात्री वाटत नाही, तरी मी रोज प्रार्थनेला बसतो" असं म्हटलं, तर सभेत काय शांतता पसरेल याची मी कल्पना करू शकते. मला तीच साक्ष ऐकायची आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही बघा. १९१७ साली, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी, माणसं निवृत्तिवेतनाचा हिशोब मांडतात त्या वयात, टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत, ही कल्पना. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. त्यांची भजनं आम्ही आजही गातो, पण त्या शेवटच्या दोन वर्षांचा धसका मराठी मंडळ्यांनी अजून घेतलेला दिसत नाही. आणि लक्ष्मीबाई? नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला म्हणून त्या त्याच्यामागे लगेच गेल्या नाहीत. पाच वर्षं घेतली, स्वतःचं मन वळलं तेव्हाच बाप्तिस्मा घेतला. टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. 'स्मृतिचित्रे' त्यानंतरचं, १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेलं. टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहून सोडलेल्या 'ख्रिस्तायना'ला साठाहून अधिक अध्याय जोडून त्यांनीच ते पुरं केलं. धड शाळा न पाहिलेली बाई साठीच्या घरात ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करत बसली. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं तेव्हा तेही सदुसष्ट-अडुसष्टचे होते. आमची परंपरा ही अशी म्हाताऱ्यांनी उभी केलेली, आणि आम्ही म्हाताऱ्यांना शाल देतो.

सगळ्यांनी बायबलचं भाषांतर करावं किंवा पुराण लिहावं, असं मी म्हणत नाही. माझ्याच्याने पाककृतीही धड लिहून होत नाही. पण या सगळ्यांत एक गोष्ट दिसते. त्यांनी उतारवयात देवाबरोबर रोज करायचं काहीतरी ठरवून घेतलं होतं. वारकऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. समोरच्या काकू संध्याकाळी साडेसहाला हरिपाठाला बसतात, त्या वेळी घरात पाहुणा आला तरी त्या उठत नाहीत आणि त्यांच्या घरात कोणाला त्याचं नवल वाटत नाही. नित्यनेम म्हटला की मराठी घर तो पाळतं. आम्ही प्रॉटेस्टंट लोकांनी कर्मकांड नको, मनापासूनची प्रार्थना हवी, म्हणता म्हणता नेमच सोडून दिला. मन रोज मनापासून तयार होत नाही, हे साठीनंतर फार लवकर कळतं.

मला वाट सापडली ती जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात. त्यात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत. आज तारीख कुठली एवढं कळलं की आजचं स्तोत्र कळतं, निवड करावी लागत नाही. १९७० साली नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन आमची उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हापासून आमच्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं आहेत आणि हा पाठ आता फारसं कोणी पाळत नाही. मी पाळते. मोठ्या टायपाचं बायबल, भिंग, खिडकीजवळची खुर्ची. गुडघे टेकायचं मी सोडून दिलं आहे, टेकले तर उठवायला कोणीतरी लागतं. मोठ्याने वाचते, कारण मनातल्या मनात वाचलं की लक्ष भाजीच्या पिशवीकडे जातं.

या पाठाचा मोठा गुण म्हणजे तो माझ्या मनाची विचारपूस करत बसत नाही. १४ तारखेला सकाळी एकाहत्तरावं स्तोत्र येतं. त्यातला माणूस म्हातारा आहे. शक्ती सरत आली तरी देवाने साथ सोडू नये, असं तो मागतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. पुढच्या पिढीला तुझ्याबद्दल सांगून होईपर्यंत मला ठेव, असंही म्हणतो. 'हातीपायी धड असताना ने'ला मला मिळालेलं हे पहिलं चांगलं उत्तर. १७ तारखेला सकाळी अठ्ठ्याऐंशीवं येतं. बायबलमधलं सगळ्यात काळोखं स्तोत्र, त्यात शेवटपर्यंत दिलासा नाही. नवरा गेल्यावर पहिल्यांदा ते वाट्याला आलं तेव्हा वाटलं, एवढं कडू बोलणं जर देवाने आपल्या पुस्तकात राहू दिलं आहे, तर माझं रडगाणं त्याला काय जड आहे. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पण मागणीखेरीजचं आमचं पहिलं बोलणं तेच.

रात्रीचं वेगळं आहे. ड्यूटी संपली की आम्ही दुसऱ्या सिस्टरला चार्ज द्यायचो. बेड नंबर, सलाइन कितीवर आहे, कोणावर नजर ठेवायची, आणि मग निघायचो. चार्ज दिल्यावर घरी जाऊन जागत बसणारी सिस्टर फार दिवस टिकत नाही, हे मोठ्या मेट्रन बाई आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगायच्या. झोपण्याआधी मी देवाला तसाच चार्ज देते. मुलगा, सून, नातू, शाळेतली जुनी मैत्रीण, वॉर्डातले काही चेहरे ज्यांची नावं आता आठवत नाहीत. नाव नसलं तर बेड सांगते. मग दिवा घालवते.

एवढं लिहिल्यावर घरातल्यांबद्दल बोललंच पाहिजे. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या आजी-आजोबांचा वेळ हा कोणाचाही असतो. "आई घरातच आहे" या तीन शब्दांवर शहराची अर्धी आयटी चालते. नातवाला स्कूलबसपर्यंत सोडायचं, गॅसवाल्याला दार उघडायचं, कुरिअर घ्यायचं, दूध उतू जाऊ द्यायचं नाही. मुलं वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की आई बायबल घेऊन बसली आहे म्हणजे रिकामी बसली आहे. माझ्या सुनेला मी एकदा सरळ सांगितलं की सकाळी सात ते पावणेआठ माझी मीटिंग असते. 'मीटिंग' म्हटल्याबरोबर तिला पटलं. त्या वेळात आता दारावरची बेल तिचं ती बघते. सगळ्या सासवांनी हा शब्द वापरून बघावा.

मोबाइलबद्दल थोडक्यात. सकाळी उठल्याबरोबर गुलाबाच्या चित्रावरचं वचन शंभर जणांना पाठवणं ही प्रार्थना नव्हे. रात्री-बेरात्री बरं करून देणाऱ्या उपदेशकांचे व्हिडिओ बघणंही नव्हे, आणि त्यांना पेन्शनमधून पैसे पाठवणं तर मुळीच नव्हे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी त्यात अडकल्या आहेत. त्यांना हसण्यात अर्थ नाही. घरात कोणी बोलत नाही, मंडळीत कोणी विचारत नाही, तेव्हा पडद्यावरचा माणूस निदान "माझ्या प्रिय बहिणी" तरी म्हणतो.

आता मंडळ्यांकडे. पुण्यासारखं देवज्ञानाचं माहेरघर देशात दुसरं शोधावं लागेल. नगर रोडला १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून आलेली पेपल सेमिनरी आहे, बिबवेवाडीला यवतमाळहून १९८३ साली आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. शिवाजीनगरला जॅक विन्स्लो यांनी १९२७ च्या सुमारास उभ्या केलेल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाची मौनाची आणि ध्यानाची परंपरा आहे. शेकडो तरुण-तरुणी इथे ग्रीक शिकतात, प्रवचनं करायला शिकतात. त्यांना आठवड्यातून एकदा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी पाठवा. औषधं आणून द्यायला किंवा सोबत करायला नको, त्याला बाकीची माणसं आहेत. त्यांनी येऊन आमच्याबरोबर त्या दिवसाचं स्तोत्र वाचावं आणि मग सरळ विचारावं, की देवाशी तुमचं काय चाललं आहे. उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. वर्गात शिकून येणार नाही असं बरंच काही त्यांच्या पदरात पडेल.

चर्चची दारं रविवारखेरीज बंद असतात, ती रोज सकाळी तासभर उघडी ठेवा. प्रवचन नको, माइक नको, पेटीही नको. बसायला बाक आणि एक पंखा पुरे. प्रभुभोजन घरी आणायचं ते माणूस अखेरच्या घटका मोजू लागल्यावरच, ही पद्धत सोडा. ज्याला जिना उतरवत नाही त्याला महिन्याला मिळू द्या. शब्बाथशाळेसारखा साठीच्या पुढच्यांचा वर्ग काढा आणि त्यात रमाबाई, गोरे आणि लक्ष्मीबाई शिकवा. शंका विचारायला तिथे बंदी नसावी. आणि पाळकसाहेब, पुढच्या वेळी आमच्याकडे याल तेव्हा चहा मी करेनच, पण गुडघ्यांचं शेवटी विचारा.